थुंकीचं काम

इनास बारदेस्करनं तो चादरीत गुंडाळून आणला,
खानापूरहून, टेम्पोत, कोबीच्या पोत्यांवर आडवा.
"कल्लाप्पा, नुसती चौकट नको," म्हणाला,
"तोंड उजळ करून दे.
गोव्याचा हॉटेलवाला बघायला येणार आहे."

चादर काढली.
साहेब माझ्याकडं बघतच नव्हता.
माझ्या खांद्यावरून पलीकडं, शहापूरच्या गल्लीत
कुणीतरी यायचं राहिल्यासारखा.

निळा मखमली कोट. गळ्याशी जाळीचा फेस.
केसांवर पीठ.
"पीठ?" निंगव्वानं विचारलं. शेजारची, मागावरची.
सांगितलं, त्या काळी तिकडचे श्रीमंत लावायचे.
"अन् भाकरीला?" म्हणाली,
आणि पुढं कन्नडमध्ये जे म्हणाली
ते इथं लिहीत नाही.

मग वाकली त्याच्या बंडीवर,
जर कशी भरलीय ते बघायला,
नाक टेकेपर्यंत.
तिथं जर नव्हतीच. पिवळ्याचे चार फटकारे,
एक पांढरा ठिपका.
जन्मभर ताणाबाणा मोजलेली बाई
फसलो म्हणून हसत सुटली.

तोंडाला औषध चालत नाही.
वडील सांगायचे : काडीला कापूस, कापसाला थुंकी,
आणि गोल, गोल, घाई न करता.
त्या दिवसांत पान खायचं नाही.

अडीचशे वर्षांत ह्याच्या तोंडावर
थुंकायची कुणाची छाती झाली असेल?
मी थुंकलो. अकरा दिवस. जपून.
ज्या तोंडानं निंगव्वाशी कन्नड बोलतो,
गिऱ्हाइकाशी मराठी, इनासशी मधलंच काहीतरी,
त्याच तोंडाची ओल.
कापूस विचारत नाही.
मळ सुटतो.

आधी गाल आला, पेरूच्या आतल्या रंगाचा.
मग हनुवटीखाली दाढीची निळसर सावली, घाईत केलेल्या.
बाराव्या दिवशी नाकपुडीजवळ
देवीचा व्रण.
एक. मग आणखी तीन.
ज्यानं काढला त्यानं खरं काढलेलं,
नंतर कुणीतरी भिडेखातर हलक्या रंगानं बुजवलेलं.

निंगव्वानं स्वतःच्या गालाला हात लावला.
"ह्याला पण आली होती की," म्हणाली,
आणि माग तसाच सोडून
बराच वेळ उभी राहिली.

इनास आला, बघितलं, ओठ चावला.
"व्रण नको रे. झाक. हॉटेलात लोक जेवतात."

झाकले.
पाण्याचा रंग घेतला मुद्दाम,
थुंकीनं निघेल असा.