अडखळ

बाळकुमला निकेत म्हात्रेच्या ओट्यावर
साडेसहा हजार मोजून दिले.
प्रत्येक नोट त्याने उजेडात धरली,
मग आतून प्रोसेसर आणला,
डब्यातली पोळी गुंडाळतात त्या फॉइलमध्ये.
"ताई, भावासाठी का?"
नाही म्हटलं. माझ्यासाठी.
तो माझ्याकडे बघून माझ्या हेल्मेटला म्हणाला,
"आधी बायोस अपडेट करा, नाहीतर चालू नाही होणार."

वर्तकनगरला येऊन फॉइल उघडलं
तर कोपऱ्यातली एक पिन वाकलेली.
तेराशे एकतीस पिना,
त्यातली एकच मान टाकून झोपलेली.

मी नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात असते.
ढिल्या काड्या, निसटलेले स्क्रू,
नातू जिच्यावर बसला ती फ्रेम;
दिवसभर लोकांच्या नाकावर
त्यांचं त्यांचं जग सरळ बसवून देते.
म्हणून निकेतला फोन केला नाही.
एका डोळ्याला भिंग लावलं,
चिमटा घेतला, पंखा बंद केला.
धातू मोडण्याआधी एकदा सांगतो,
बोटांना, अगदी हळू.
दुसऱ्यांदा सांगत नाही.
पिन उभी राहिली.
मी घोटभर पाणी प्यायले.

बायोस चढताना वीज गेली तर बोर्डाचा दगड होतो.
पट्टी एकोणतीस टक्क्यांवर थबकली
आणि खालच्या सावंतांनी नेमका तेव्हाच गिझर लावला.
ट्यूब मिणमिणली.
कुठल्या देवाला हात जोडले आठवत नाही,
पण नारळ कबूल केलाय.

मग जुना काढला. सहज निघेना.
सहा वर्षांची पेस्ट, वाळलेल्या गंधासारखी,
कूलरला धरून बसलेली.
ओढायचं नाही, फिरवायचं,
हट्टी बरणीचं झाकण फिरवतो तसं.
सुटला. पुसला. लेन्सच्याच कापडाने.
नव्यावर मटारच्या दाण्याएवढी पेस्ट.
त्याहून जास्त घातली की सांडते, सगळे सांगतात,
आणि सगळेच जास्त घालतात.

खेळात एक दोरांचा पूल आहे.
तिथे माझं मशीन दर वेळी अडखळायचं.
अर्ध्या पावलावर सगळं गोठायचं:
धुकं, माझा घोडा, खालची नदी,
नदीतल्या होडीत एक माणूस,
त्याने फेकलेलं जाळं
वर हवेत, उघडं, न पडलेलं.
आणि कानात संयोगिता, अकोल्याहून:
"ये गं, सावकाश. थांबलेय मी."
चार वर्षं. रोज रात्री साडेदहानंतर,
तिच्या सासूबाई झोपल्यावर.

काल एकेचाळीसच्या जागी सत्त्याण्णव फ्रेम.
पूल कधी लागला, कधी संपला,
घोड्याच्या टापासुद्धा मोजता आल्या नाहीत.
पलीकडे पोचून आनंदाने ओरडले.
उत्तर नाही.
मग बऱ्याच वेळाने,
"अगं, आहेस ना? माझं अडकलंय."

नवऱ्याच्या ऑफिसने टाकून दिलेला लॅपटॉप तिचा.
झाकण पूर्ण उघडत नाही,
तापला की ती त्याच्याखाली स्टीलची ताटली ठेवते.
हे मला ठाऊक होतं.
माझं आधी अडायचं,
म्हणून तिचं अडतं हे कधी दिसलंच नव्हतं.

घोडा वळवला.
पुलाच्या मधोमध येऊन उभी राहिले.
"ये. थांबलेय."

तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता,
कुणीतरी झोपेत खोकलं.
खाली तो माणूस जाळं फेकत होता.
आता त्याचं जाळं हवेत राहत नाही,
पडतं, बुडतं, तो ओढून घेतो,
रिकामं.
पुन्हा फेकतो.
त्याला मासा मिळतच नाही
हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं.

जुना प्रोसेसर चष्म्याच्या डबीत ठेवलाय.
निकेतला विचारून पाहिलं,
लॅपटॉपला तो बसत नाही.
तरी टाकवत नाही.
आणि नारळ राहिलाय.