भाता

हजेरीपटावर विश्वंभर, घरी विसू.
भांडीबाजारामागच्या बोळात
घंगाळं ठोकणाऱ्यांच्या घरातला चौथा.
माझा मामा.
शाळेआधी अर्धा तास भट्टीचा भाता,
मग हात धुऊन, तरी कोपरापर्यंत काजळी,
प्रार्थनेला उशिरा.

शाळेच्या पेटीचा भाता त्याच्याकडे कसा आला
ते मी दोन तऱ्हांनी ऐकलंय.
आई म्हणते, उशिराची शिक्षा म्हणून.
तो म्हणायचा, "मीच मागितला."
एवढं मात्र दोघांना मान्य:
निरगुडकर मास्तरांचा डावा हात
लहानपणच्या तापात वाळलेला,
उजव्याने ते वाजवत
आणि त्यांच्या डाव्या अंगाला खेटून
हा हवा पुरवायचा.
"सूर माझे, श्वास तुझा"
असलं नाटकातलं ते काही बोलले नसणार.
ते म्हणत, "दमानं, विश्वंभर. लोखंड तापवत नाहीयेस."
"तांबं," हा म्हणायचा. "आमच्यात तांबं असतं, मास्तर."

पाचवी ते आठवी.
सव्वीस जानेवारी, गॅदरिंग,
कलेक्टर आले तेव्हा,
गोदेच्या पुरात बाकं भिजली
आणि पेटी तेवढी माळ्यावर कोरडी राहिली
त्याही वर्षी.
गाणं त्याला पुढून कधी कळलंच नाही,
मागून कळलं:
कुठली ओळ किती हवा खाते,
अंतऱ्याआधी किती भरून ठेवायचं,
मास्तर कुठे थांबणार
म्हणून आपण आधीच सैल पडायचं.
गणितात तो याच काळात नापास होत होता.

नववीची पुस्तकं आणली, कव्हरं घातली,
आणि आजोबांच्या मनगटाने दगा दिला.
पुस्तकं आईला आली, कव्हरांसकट.

पुढे पन्नास वर्षं ठोक.
रात्री मात्र कुठे गाणं असेल तिथे
सायकल पंचवटीत, सायकल देवळालीला,
कालिदासच्या शेवटून दुसऱ्या रांगेत
गुडघ्यावर डाव्या पंजाची उघडमीट.
मामी कुजबुजायची, "लोक बघतात."
पेटी घे म्हटलं की म्हणायचा,
"घेईन. वाजवणारा कुठाय?"
जणू त्याला उजवा हात नव्हताच.

तांब्याने कान खाल्ले.
आधी चिमण्या गेल्या, मग कुकरच्या शिट्ट्या,
मग मागच्या उंबरावरचा तांबट.
"आमच्याच नावाचा, आणि मलाच ऐकू देईना."
मशीन घेऊन दिलं.
मशीन डबीत, डबी कपाटात.
तरी डिसेंबरात मफलर गुंडाळून
तो शेवटून दुसऱ्या रांगेत जाऊन बसायचाच.
काय ऐकायचा, विचारलं नाही कधी.

परवाच्या दिवाळीत माझी शर्वी
क्लासची पेटी घेऊन ओटीवर बसली.
हा आला. दुखरा गुडघा लांब करून
तिच्या डाव्या अंगाला टेकला,
तिचा हात उचलून बाजूला ठेवला,
ताटातली वाटी सरकवावी तसा,
आणि भाता घेतला.

मी दारात, हाताला चकलीचं पीठ.
ओळ संपायच्या जरा आधी तो सैल पडत होता.
अंतऱ्याआधी भरत होता.
तिच्या बोटांकडे बघत नव्हता,
समोर भिंतीवर कॅलेंडर होतं, तिकडे.

मध्येच थांबला.
"दोन पट्ट्या दाबल्यास," बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात.
शर्वीने माझ्याकडे पाहिलं.
दाबल्या होत्या.
"हवा पटकन गेली," म्हणाला,
आणि पंजा भात्यावर तसाच ठेवून
ती पुन्हा सुरू करायची वाट बघत राहिला.