सदतिसावा

छत्तीस नळ्या. छत्तीस आकडे.
चिनांदेगाच्या पट्ट्यात ऊस तोडणारी माणसं
पहाटे साडेचारला कारखान्याच्या फाटकाशी
बाही वर करून उभी.
दंड पुसला की कापूस काळा व्हायचा,
जाळलेल्या फडाची काजळी.
एकटा ओन्येल बोलला, सुई आत असताना:
"थोडं मलाही ठेवा, सिस्टर."

क्रिएटिनिन.
शून्य गृहीतक सांगतं, सरासरी एक.
म्हणजे काही घडलेलं नाही,
ऊन ठीक, पाणी ठीक, मूत्रपिंडं ठीक.
हे आधी खरं धरायचं
आणि खोटं पाडायचं काम
रक्तावर सोपवायचं.

सरासरी आली एक पूर्णांक शून्य आठ.
विचलन शून्य पूर्णांक सत्तावीस, भागिले सहा.
वीज नव्हती, वहीतच केलं.
टी: एक पूर्णांक अठ्ठ्याहत्तर.
हवा होता दोनच्या जरासा वर.

"गृहीतक फेटाळण्याइतका पुरावा नाही,"
असं लिहिलं मी. ते खरंच आहे.
"सगळं ठीक आहे" असं लिहिलं नाही,
पण मानाग्वाच्या कचेरीत
ते तसंच वाचतील.

संध्याकाळी दोन्या एदुविहेस आली,
हातात लिऑनच्या इस्पितळाची चिठ्ठी.
"माझ्या एवेलिओला का नाही धरलं?"
कसं धरणार? तो रांगेत नव्हता.
हंगामाआधीच त्याला फाटकावरून परत पाठवलं होतं.
माझा नमुना म्हणजे
जे अजून उभे राहू शकतात, ते.
चिठ्ठीवर: सहा पूर्णांक चार.

असं मागाहून कुणाला घुसवणं ही चोरीच.
तरी रात्री, मेणबत्तीशी, घुसवला.
सरासरी उसळली, एक पूर्णांक बावीस.
मनात म्हटलं, आता.
पण विचलन तिच्याहून उंच उसळलं,
आणि टी घसरला
दीडच्याही खाली.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मेण वहीवर सांडलं.
गणित बरोबर होतं.
सगळ्यात आजारी माणसानंच
पुरावा पातळ केला.

सकाळी ती दारात, चिठ्ठी परत न्यायला.
तिच्या गल्लीत म्हणे अशा अजून चार झोळ्या,
दिवसभर हलत नाहीत.
"सहा पूर्णांक चार," ती म्हणाली,
आकडा पाठ झाला होता तिचा.
"आणि किती हवं होतं?"

कशासाठी, ते तिनं विचारलं नाही.
मीही नाही.