मंगळवार, दोन ते चार

माशेलच्या आमच्या कॉलेजात
नव्या अभ्यासक्रमाचा प्रस्ताव तयार होतो आहे:
‘खाजन शेती आणि बांध व्यवस्थापन’,
पदविका, एक वर्ष, चाळीस श्रेयांक.
पाने आजमितीला एकशे बारा.
शुक्रवारी पाचच्या आत विद्यापीठात,
तीन प्रती, स्पायरल नको.

सुलक्षा केरकर क्रियापदे तपासते आहे.
‘विद्यार्थ्याला भरती-ओहोटी समजेल’ असे मी लिहिले होते,
तिने लाल शाईने ‘समजेल’ खोडले.
समजणे चालत नाही म्हणे, मोजता येत नाही.
सांगेल चालेल, ओळखेल चालेल,
वर्गीकरण करेल हे तर फारच उत्तम.
रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघींनी
छत्तीस ठिकाणची समज काढून टाकली.

गरज-सर्वेक्षणात एकतीस ‘हो’,
नऊ ‘सांगता येत नाही’, एक कागद कोरा.
आणि एकाने, नाव नाही,
चौकटीबाहेर तिरके लिहिले आहे:
आमच्या शेतात खारे पाणी शिरले त्याला अकरा वर्षे झाली,
आता शिकून काय करू?
हे कोणत्या रकान्यात घालायचे ते मार्गदर्शिकेत नाही.
मी ‘हो’मध्ये धरले.
बत्तीस.

अंदाजपत्रकात गमबूट, वीस जोड.
लेखापाल गांवस यांनी त्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.
दोन प्रोजेक्टरांपुढे नाही.
ते आम्ही मागितलेच नव्हते,
नमुन्यात आधीपासून छापलेले होते.

मग तक्ता सात, वेळापत्रक.
प्रात्यक्षिक: मंगळवार, दोन ते चार,
कारण कॉलेजची बस तेव्हाच मोकळी.
सांत इस्तेवला रुझार फुर्तादोला फोन लावला.
तीस वर्षे तो मानशीची दारे राखतो,
भेगांत चिखल लिंपतो, जाळे लावतो, खेकड्यांची बिळे बुजवतो.
‘मंगळारा?’ तो म्हणाला. ‘ह्या मंगळारा दनपारां सुकती ना.
फुडल्या मंगळारा आसतली.’
मी बोटांवर मोजले.
आठवड्याला सहा तास सरकते पाणी.
म्हणजे पंधरा मंगळवारांतले सात
कमरेइतक्या पाण्यात शिकवायचे.

त्याच्या घरी भिंतीवर सायबिणीची तसबीर,
आणि तिच्या खाली, खिळा वेगळा,
तिथ्यांची दिनदर्शिका.
तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचा तास निघतो.
पाऊणकी माझ्या वडिलांना पाठ होती,
मला अर्ध्यापर्यंत.
‘प्रवेश पात्रता: बारावी उत्तीर्ण, कोणतीही शाखा’ याच्यापुढे
मी लिहिले, ‘आणि पाऊणकीचा पाढा’.
सुलक्षा म्हणाली, मुले घाबरतील,
शून्य पूर्णांक पंचाहत्तरने गुणा असे लिही.
लिहिले.

मंगळवार खोडून एकादशी घातली, आणि द्वादशी.
दुपारी दोनला तळाचा चिखल उघडा,
महिन्याला चार दिवस नीट जमतात.
‘एकादशीला माझा उपास असतो,’ सुलक्षा म्हणाली,
‘बांधावर चक्कर आली तर?’
‘खिचडीचा डबा आण,’ मी म्हटले,
‘अंदाजपत्रकात दाखवता येणार नाही.’

पण पोर्टलच्या चौकटीत सातच वार आहेत.
बाण दाबला की सोमवार, मंगळवार, आणि असेच पुढे.
तिथी टंकली तर चौकट लाल होते.
पाऊण तास लाल होत राहिली.
शेवटी मंगळवारच निवडला,
शेजारी एक चांदणी,
आणि पानाच्या तळाशी, आठच्या टाइपात:
पाण्याच्या सोयीनुसार बदल संभवतो.

शुक्रवार, चार वाजून चाळीस. ताळगावचे पठार.
आवक विभागातला माणूस पाने उलटत थांबला.
‘ही चांदणी कसली?’
‘पाणी,’ मी म्हटले.
त्याने मान हलवली, समजल्यासारखी,
मोजता आली नाही,
आणि शिक्का नेमका तिच्यावरच मारला.

गमबूट दहाच जोड मंजूर होतील असे गांवस म्हणतात.
आळीपाळीने घालू.