वजन

तिझ्नितच्या बाजारात
इज्जा खांद्यावरचे त्रिकोणी काटे उतरवते.
येतानाच दोन सेफ्टी पिना आतून लावून आलीय,
त्यामुळे काही ढळत नाही.

सोनार तराजूत टाकतो.
मधली साखळी
सळसळत, जरा उशिरानेच खाली बसते.

"पिवळा मिना उडालाय," तो म्हणतो,
"हिरवा ठीक. पण कडेला हे पोचे?"

पोचे नव्हेत ते.
पाठुंगळी बांधलं की खांद्यावर तोंड यायचंच :
तूदाचे चार,
हम्मूचे दोन, खोल, हट्टी,
आणि एक पुसट,
ज्याला दुसरा दात आलाच नाही.

यातलं ती काहीच सांगत नाही.

"चांदी खोटी असती
तर उमटले असते का?" म्हणते.
"भाव वाढव."