सहा आकडे

भवनाची किल्ली पानठेल्यावर असते.
पानठेलेवाला जेवायला गेला की
पारडीतली बारावी सायन्स पायरीवर बसते
आणि मी फोन लावते.
फोन लावणं, हेच बहुतेक माझं काम.
पाटीवर ‘समन्वयक’ लिहिलंय. पाटी मीच रंगवली,
‘न्व’ जरा वाकडा आला.

वहीत रकाने आहेत.
तन्झील सहानंतर, आधी लूमची पाळी.
आचल सोमवारी नाही, टँकर येतो.
फिजिक्सचा कौस्तुभ मंगळवारी, रामदासपेठेहून,
पुलाखाली अडकला तर साडेसात.
गोवर्धन उईके केव्हाही येतो आणि कोपऱ्यात झोपतो.
रात्री तो एटीएमच्या दाराशी बसतो, बापाच्या जागी.
त्याला मी उठवत नाही,
त्याच्या रकान्यात ‘हजर’ लिहिते.

दाखले साडीच्या दुकानाच्या पिशवीत येतात.
उत्पन्नाचा, रहिवासाचा,
वैधतेची नुसती पावती.
विशाखाच्या एका कागदावर मेश्राम, दुसऱ्यावर मेसराम.
त्या अर्ध्या अक्षरासाठी तहसीलच्या तीन चकरा,
तिसऱ्या चकरेला खिडकीतला माणूस म्हणाला,
“मॅडम, तुमची कोण लागते हे?”
मी म्हटलं, वहीतली.

आज शेवटची तारीख.
कूलरचं पाणी संपलंय, नुसता पंखा खडखडतो.
कॉम्प्युटर एक, पोरं अकरा,
आणि विशाखाचा ओटीपी गेला आईच्या फोनवर,
आई वर्धा रोडच्या लॉनवर, चारशे पानांच्या पोळ्या लाटत.
आकडे सहा, आयुष्य दहा मिनिटं.

“आई, मेसेज आला का वं?”
“आला न. टुण्णकन वाजला.”
“वाच.”
तिकडे पराती वाजल्या. मग काहीच वाजलं नाही.
नोटा ती रंगानं ओळखते, बस पाटीवरच्या चित्रानं.
विशाखानं माझ्याकडे पाहिलं नाही,
कूलरकडे पाहत राहिली.

मग आईच म्हणाली,
“काय दिसून राहिलं ते सांगू का?
पहिला विळा हाय.
मंग बांगडी, एकच.
मंग पळी, खिळ्याले टांगतो ना, तशी.
मंग काडी.
मंग पुन्हा पळी…”
“डोकं खाली का वर, काकू?” कौस्तुभनं विचारलं,
खडू फळ्यावर टेकवून.
“वर, बाप्पा. आता वर हाय.
अन् शेवटी दोन बांगड्या, एकीवर एक.”

कुणी हसलं नाही.
गोवर्धन कधी उठून उभा राहिला, कळलं नाही.
तन्झीलनं एकेक बटण दाबलं,
सूत तुटू नये तसं.
उघडलं.

पुढचा रकाना: आईचे शिक्षण.
बाण दाबला की यादी खाली पडते,
सगळ्यात वर ‘निरक्षर’.
माउस तिथे थांबला.
मी म्हणायला हवं होतं, खरं ते भर.
ते माझंच काम होतं, आणि वेळ जात होता.
मी बादली घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला गेले.
दोन खेपा केल्या. एक पुरली असती.
परतले तेव्हा फॉर्म पुढच्या पानावर होता.
पासवर्ड माझ्या वहीत आहे,
मी अजून उघडून पाहिलं नाही.

साडेदहाला कुलूप लावताना फोन वाजला.
“अजून एक आला वं पोरी, मेसेज!
भल्ला मोठा हाय. सांगू का?
पहिली खुर्ची हाय, उलटी ठेवलेली…”
रिचार्जची जाहिरात असणार, आम्हां दोघींना कळलं.
विशाखानं माझ्या हातातली वही घेतली,
पायरीवर बसली,
पेनाचं टोपण दातानं काढलं.
म्हणाली, “सांग.”