उसवण

संस्थेच्या यादीत लिहिलं होतं:
प्रत्येक कपड्यावर नाव हवं. मोज्यांवरसुद्धा.
टपालानं चौसष्ट पट्ट्या आल्या, बोटाच्या पेराएवढ्या,
पांढऱ्यावर लाल धाग्यानं विणलेलं: येल्त्ये बौमा.
एवढ्यांदा तिचं नाव मी जन्मात घेतलं नसेन.
मी तिला नुसतं 'ए' म्हणायचो.

पूल उघडायचं काम केलं मी, चाळीस वर्षं.
होडी आली की गाड्या थांबवायच्या, कळ दाबायची,
गळाच्या दोरीला लाकडी बूट बांधून खाली सोडायचा,
होडीवाला त्यात नाणं टाकायचा.
सुई कधी धरली नव्हती.
शिवण तिची. हार्लिंगनच्या धक्क्यावर, शिडांच्या कारखान्यात,
तळहाताला चामडं बांधून.

तर मीच बसलो, चष्म्यावर चष्मा चढवून.
ती समोर. काय शिवतोय ते सांगितलं नाही.
विचारलं असतं तर खोटं बोललो असतो,
तेही एव्हाना जमायला लागलं होतं.

नोव्हेंबरात ती समुद्राच्या बांधावर सापडली, रात्री तीनला,
हातात किटली, पायात माझे बूट.
त्या रात्रीमुळे फॉर्म भरला, असं सगळ्यांना सांगतो.
खरं तर ती एक साधी दुपार होती.
ती तेच ते विचारत होती,
आणि मी टेबलावर असा हात आपटला
की कप फुटला, आणि ती
माझ्याकडे बघून माफी मागायला लागली.

कॅनडातून नींके म्हणाली, बाबा, योग्य तेच केलंत.
फॉर्मवर माझ्यापुढे लिहिलंय: पहिली संपर्क व्यक्ती.
एक्कावन्न वर्षांनी बढती.

आता गुरुवारी जातो.
पहिल्याच गुरुवारी तिनं स्वेटरची कॉलर उलटी केली,
पट्टीवरून अंगठा फिरवला.
नाव वाचलं नाही. टाके वाचले.
"हे कुणी शिवलंय? वाऱ्यात अर्धा तास टिकायचं नाही."
नखानं, मग दातानं, एकेक टाका उसवला
आणि दोरा गुंडाळून माझ्या हातात ठेवला,
वाया जाऊ नये म्हणून.

परिचारिका म्हणते, इस्त्रीनं चिकटणाऱ्या मिळतात, मेनेर बौमा,
धुण्यात निघत नाहीत.
मिळत असतील.
मी सुई नेतो. मी शिवतो, ती उसवते.
परवा तिनं माझं बोट धरून तिरपं केलं:
असं. ओढायचं नाही रे, बसवायचं.
मी कोण ते विचारलं नाही.
धक्क्यावर नुकता लागलेला पोरगा असेन कुणी,
हाताला वळण नसलेला.

घरी येऊन कोट टांगताना पाहिलं,
बाहीच्या आत एक पट्टी.
आठ टाके, सरळ, जवळजवळ न दिसणारे.
कधी शिवली कोण जाणे, मी चहा आणायला गेलो तेवढ्यात.
ओढून पाहिली. हलत नाही.

आता कुठे हरवलोच, तर लोक मला
तिच्या कपाटात नेऊन ठेवतील.